बनगावचे पिंप

१९७१ साल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? डिसेंबरातले तेरा दिवसांचे युद्ध, ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही करणारे जनरल नियाझी, शेजारी बसलेले जनरल अरोरा, आणि नकाशावर आलेला बांगलादेश नावाचा नवा देश. क्रमिक पुस्तकात एवढेच असते, आणि परीक्षेतही एवढेच विचारतात. पण त्याच वर्षी, युद्धाच्या पाच-सहा महिने आधी, बंगालच्या सरहद्दीजवळच्या एका लहानशा रुग्णालयात काही पिंपे आणून ठेवली गेली. साधीच पिंपे. खाली तोटी बसवलेली. आत मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी. मंडळी, त्या पिंपांनी किती माणसे वाचवली याचा हिशेब करायला बसलो तर युद्धाचे आकडे त्यापुढे लहान वाटू लागतात. आज ती गोष्ट सांगायची आहे.

थोडी पार्श्वभूमी. १९७१ च्या मार्चमध्ये, २५ तारखेच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि पूर्व पाकिस्तानातून माणसांचे लोंढे आपल्याकडे येऊ लागले. वर्षअखेर हा आकडा सुमारे एक कोटीवर गेला. पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय, आसाम इथे शेकडो छावण्या उभ्या राहिल्या. काही लोकांना तर पार रायपूरजवळच्या माना छावणीपर्यंत आणून ठेवावे लागले.

मी तेव्हा बी.ए.ला होतो. बंगाल आमच्या बुलढाणा जिल्ह्यापासून फार दूर, पण ती छावणी आमच्या घरापर्यंत पोचली ती टपालाने. १५ नोव्हेंबर १९७१ पासून प्रत्येक पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, शरणार्थी साहाय्याचे. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच तसा छाप मारलेला असे, मग वेगळे तिकीट निघाले. १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत ते चालले. पोस्टकार्डाला मात्र ते लागत नसे. त्यामुळे आमचे वडील त्या काळात पोस्टकार्डावर मुंगीच्या पायासारखी अक्षरे काढून सगळ्या घराची हकीकत बसवत असत. आज साठीच्या पुढे असलेल्या वाचकांना ते तिकीट आठवत असेल.

निर्वासितांची छावणी ही आपल्या महाराष्ट्रालाही अनोळखी गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुले. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीतून आलेले सिंधी बांधव आले आणि तिथले गांधीनगर झाले. कल्याण कॅम्पाचे तर पुढे उल्हासनगर झाले. म्हणजे छावणी ही नुसती तंबूंची रांग नसते. तिथे माणसे जन्मतात, शाळेत जातात, आजारी पडतात. आणि पावसाळा आला की तिथला सगळ्यात मोठा प्रश्न एकच असतो, पाणी आणि पोट.

१९७१ च्या त्या पावसाळ्यात छावण्यांमध्ये कॉलरा शिरला. आपल्याकडे त्याला पटकी म्हणत. नुसते नाव काढले तरी जुनी माणसे हात जोडत. आमच्या भागात मरीआईचा गाडा काढून गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायची रीत होती. आपल्या गावची पीडा पुढच्या गावाला, असा तो सगळा कारभार! त्यात लोकांचा अडाणीपणाच होता असे मी म्हणणार नाही. ज्या रोगात सकाळी शेतावर गेलेला धडधाकट गडी संध्याकाळी तिरडीवर असतो, त्याच्यापुढे माणूस दुसरे काय करणार?

पटकीत माणूस मरतो तो पाण्यावाचून. जुलाब आणि उलट्यांतून तासाला एक लिटरपर्यंत पाणी अंगातून जाऊ शकते. डोळे खोल जातात, आवाज बसतो, बोटांची कातडी धोब्याच्या हातासारखी सुरकुतते, नाडी लागेनाशी होते. आणि आपल्याकडची पूर्वापार समजूत काय? हगवण लागली की पाणी तोडायचे! "पोटात काही ठरत नाही, देऊ नका काही." पाण्यावाचून मरणाऱ्याचे पाणी तोडायचे, असा हा उफराटा न्याय कित्येक पिढ्या चालला. तो फक्त आपल्याकडेच होता असे नाही, युरोपातले डॉक्टरही एके काळी हेच सांगत.

शिरेतून सलाईन देण्याने पटकीचा रोगी वाचतो, हे १९७१ पर्यंत पक्के ठाऊक झाले होते. पण सलाईनचे गणित करून पाहा. पन्नास किलो वजनाच्या माणसाच्या अंगातले दहा टक्के पाणी गेले, तर सुरुवातीलाच पाच लिटर हवे. नंतर जेवढे जाईल तेवढे भरत राहायचे, ते वेगळे. काचेची बाटली, नळी, सुई, सगळे निर्जंतुक. वर सुई टोचणारा शिकलेला माणूस. एका रोग्याला हे जमते. रोज शेकड्यांनी रोगी येऊ लागले तर?

नेमके तेच बनगावला झाले. बनगाव (बंगाली लोक बोनगाँ म्हणतात) हे कोलकात्याच्या ईशान्येला, सरहद्दीला लागून असलेले गाव. गावाच्या आसपास साडेतीन लाख निर्वासित गोळा झाले होते. जून १९७१ च्या शेवटच्या आठवड्यात कोलकात्याहून एक छत्तीस वर्षांचे बालरोगतज्ज्ञ आपले लहानसे पथक घेऊन तिथे पोचले. त्यांचे नाव डॉ. दिलीप महालनोबीस. जन्म किशोरगंजचा, म्हणजे आताच्या बांगलादेशातला. कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकलेले, इंग्लंडात मुलांच्या रुग्णालयात काम केलेले, आणि १९६६ पासून कोलकात्यातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात कॉलऱ्यावर काम करणारे.

रुग्णालयात कॉलऱ्यासाठी दोन खोल्या. खाटा अगदी मोजक्या. बाकी रोगी जमिनीवर, एकमेकांना चिकटून. त्यांनी पुढे सांगितले आहे की, सलाईन लावायची तर जमिनीवरच्या उलटीत आणि मैल्यात गुडघे टेकूनच बसावे लागे. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आले की ही लढाई आपण हरतो आहोत. सलाईनचा साठा संपत आला होता, आणि सुई टोचता येणारी माणसे पथकात दोनच होती.

आता इथे थोडे थांबून विज्ञानाचे बोलू. मी शास्त्राचा मास्तर नव्हे, तेव्हा मला समजले तसे सांगतो. आतड्याच्या भिंतीत एक दार असे आहे की त्यातून मीठ साखरेच्या सोबतीनेच आत जाते. दोघे जोडीने आत शिरले की मागोमाग पाणीही शिरते. पटकीचे विष आतड्याचे बाकी सगळे बिघडवते, पण हे एक दार त्याला बंद करता येत नाही. म्हणजे नुसते पाणी पाजले तर वाहून जाईल, नुसते मिठाचे पाजले तरी फार उपयोग नाही, पण मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात एकत्र दिली की पाणी अंगात मुरते. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये उलगडली. त्याही आधी, १९५३ मध्ये, कोलकात्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १८६ रोग्यांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून बरे केल्याचे प्रसिद्ध केले होते. त्यांच्याकडे जगाने लक्ष दिले नाही. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी दाखवले की असे पाणी पाजले तर सलाईनची गरज ८० टक्क्यांनी कमी होते.

मग अडले कुठे? अडले ते विश्वासावर. तज्ज्ञ म्हणत, हे सगळे ठीक आहे, पण रुग्णालयात. डॉक्टर उभा पाहिजे, रोग्याचे किती गेले ते मोजले पाहिजे, तेवढेच पाजले पाहिजे. अडाणी माणसाच्या हाती हे देणे धोक्याचे. म्हणजे विद्या तयार होती, पण ती वर्गाबाहेर न्यायची कोणाची तयारी नव्हती.

महालनोबीसांपुढे दुसरा मार्गच उरला नव्हता. त्यांनी काय केले ते मी एकेक करून सांगतो, कारण यातली प्रत्येक गोष्ट अगदी बारीक आहे, आणि तिथेच सगळी गंमत आहे.

पहिली गोष्ट, त्यांनी पाणी नेणे सोडले आणि पूड नेणे सुरू केले. सलाईनच्या बाटल्या म्हणजे मुख्यतः पाण्याचेच वजन. पाणी तर बनगावलाही होते! एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढेच न्यायचे. मिश्रण साधे राहावे म्हणून पोटॅशियम त्यातून वगळले. लिटरमागे खर्च आला ११ पैसे. आमच्या टपालाच्या त्या जादा तिकिटांच्या हिशेबात सांगायचे तर दोन तिकिटे आणि वर एक पैसा.

दुसरी गोष्ट, पुड्या बांधायचा कारखाना. कोलकात्यातल्या संशोधन केंद्राच्या ग्रंथालयाची खोली रिकामी करून तिथे मंडळी बसली. एक जण ग्लुकोज तोलून पॉलिथिनच्या पिशवीत टाकणार, दुसरा मीठ, तिसरा सोडा. शेवटचा पिशवीत सूचनांची चिठ्ठी घालून तोंड बंद करणार, कशाने? तर कपड्यांच्या गरम इस्त्रीने! दिवाळीत घरोघर करंज्या करताना एक लाटतो, एक सारण भरतो, एक कातणीने कडा कापतो, तसाच हा प्रकार. कुठलेही यंत्र नाही, परदेशातून काही मागवणे नाही.

तिसरी गोष्ट, पिंप. छावणीत पिण्याच्या पाण्याच्या पिंपात पूड ओतून ढवळायची आणि पिंपाला खाली तोटी. तोटी का? कारण वरून भांडे बुडवले की दहा हात बुडतात, आणि त्या हातांनी पाणी खराब होते. तोटीखाली पेला धरला की पाणी स्वच्छ राहते. आपल्या घरच्या माठाला ओगराळे असते, त्यामागेही हेच शहाणपण आहे.

चौथी गोष्ट, नाव. लोकांना सलाईन म्हणजे बाटली आणि सुई एवढेच ठाऊक. हे मीठ-साखरेचे पाणी त्यांना औषध वाटेना. तेव्हा याला तोंडाने घ्यायची सलाईन म्हणायचे ठरले. आजही बांगलादेशात घरोघर त्याला "खाबार सॅलाइन" म्हणतात, म्हणजे खायची-प्यायची सलाईन. नावात काय आहे असे म्हणतात खरे, पण इथे नावाने काम सोपे केले.

आणि पाचवी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी. पेला कोणाच्या हाती द्यायचा? रोग्याजवळ बसलेल्या आईच्या, बहिणीच्या, नवऱ्याच्या हाती. जे कालपर्यंत नुसते रडत बसले होते, डॉक्टर कधी येतो म्हणून दाराकडे बघत होते, त्यांनाच सांगितले, "हे पाणी थोडे थोडे पाजत राहा. उलटी झाली तरी थांबू नका. रोग्याला तहान आहे तोवर पाजा." सुई टोचणारे दोन हात होते, पेला धरणारे हजारो निघाले. ज्यांची नाडीच लागत नव्हती त्यांना आधी शिरेतून सलाईन, आणि ती माणसे शुद्धीवर येऊन गिळू लागली की लगेच पेला. अशा रीतीने उरलीसुरली सलाईन खऱ्या गरजवंतांना पुरली.

आठ-नऊ आठवड्यांत सुमारे ३७०० रोग्यांवर तिथे उपचार झाले. त्याआधी शंभरातले तीसपर्यंत रोगी दगावत होते. आता हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. कृती लिहिलेली पत्रके सरहद्दीवर वाटली गेली, आणि बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही ती सांगितली गेली. विचार करा, एका देशाच्या स्वातंत्र्याच्या घोषणा आणि मीठ-साखरेच्या पाण्याची कृती एकाच रेडिओवरून!

हा काही काटेकोर शास्त्रीय प्रयोग नव्हता. निम्म्या रोग्यांना पाणी पाजायचे आणि निम्म्यांना नाही, अशी तुलना तिथे करणे शक्य नव्हते आणि माणुसकीलाही धरून नव्हते. त्यामुळे शंका घेणारे पुष्कळ होते. पण जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ बनगावला स्वतः येऊन पाहून गेले आणि त्यांनी ही गोष्ट लावून धरली. १९७३ मध्ये महालनोबीसांचा लेख जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १९७८ मध्ये लॅन्सेटने संपादकीयात लिहिले की मीठ-साखरेच्या या जोडीचा शोध हा कदाचित शतकातला सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. पुढे युनिसेफच्या पाकिटांतून हेच पाणी जगभर गेले. आपल्याकडे त्याला जलसंजीवनी हे सुरेख नाव मिळाले. आतापर्यंत किमान पाच कोटी जीव त्याने वाचवले असावेत असा अंदाज दिला जातो, आणि त्यातली बहुतेक मुले.

मास्तर म्हणून मला या गोष्टीचा पुढचा भाग फार आवडतो. निर्वासित १९७२ मध्ये बांगलादेशात परत गेले. त्यांच्या पुनर्वसनासाठी फझले हसन आबेद यांनी ब्रॅक नावाची संस्था सुरू केली. या संस्थेने १९८० ते १९९० अशी दहा वर्षे घरोघर जाऊन आयांना हे पाणी करायला शिकवले. पाकीटसुद्धा नाही. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. सव्वा कोटीच्या आसपास घरे झाली. शिकवणारी बाई आईसमोर पाणी करून दाखवी, मग आईकडून करून घेई. काही दिवसांनी दुसरेच कोणी तरी येऊन त्यातल्या काही आयांना विचारून जाई, "सांगा, कसे करायचे?" आणि आईला जेवढे आठवले त्यावर शिकवणाऱ्या बाईचे मानधन ठरे! परीक्षा विद्यार्थ्याची आणि पगार शिक्षकाचा. हा नियम आमच्या खात्याने लावला असता तर आमच्यातल्या किती जणांची चूल पेटली असती, देव जाणे.

आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हाच विश्वास गावातल्या बायकांवर टाकला. अक्षरओळख नसलेल्या, काही तर समाजाने दूर ठेवलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या आणि त्यांनी घरोघर मीठ-साखरेचे पाणी शिकवले. म्हणजे पेला कोणाच्या हाती द्यायचा या प्रश्नाचे उत्तर नगर जिल्ह्यातही तेच निघाले.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे सगळे पन्नास वर्षांपूर्वीचे. आज त्याचे काय? तर आज आमच्या बीबीचेच सांगतो.

२० फेब्रुवारी २०२४, एकादशी. आमच्या लोणार तालुक्यात सोमठाण्याला हरिनाम सप्ताह होता. उपवासाच्या भगर-आमटीचा प्रसाद खाल्ला आणि रात्री माणसे उलट्या-जुलाबांनी हैराण झाली. एक-दोन नाही, शेकडो. सगळ्यांना आमच्या बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात आणले. गावाच्या मानाने असलेले रुग्णालय, एका रात्रीत एवढी माणसे मावणार कुठे? मग बाहेर उघड्यावर माणसांना झोपवले, झाडांना दोर बांधले आणि त्या दोरांवर ओळीने सलाईनच्या बाटल्या टांगल्या. तो फोटो देशभर गेला. बीबी नावाचे गाव आहे हे त्या रात्री पुष्कळांना पहिल्यांदा कळले. बहुतेक मंडळी दुसऱ्या दिवशी घरी गेली.

फोटो पाहून पुष्कळ लोक हळहळले, काही हसले, काही रागावले. मला मात्र तो दोर बनगावच्या पिंपाचा सख्खा भाऊ वाटला. खाट नाही, स्टँड नाही, पण झाड आहे आणि दोर आहे ना? मग बांधा! अडचणीच्या वेळी हाताशी असेल त्यातून वाट काढणारी माणसे आपल्याकडेही आहेत, आणि त्यांचे कौतुकच केले पाहिजे. ज्याच्या अंगातले पाणी फार गेले आहे किंवा उलट्या थांबतच नाहीत त्याला सलाईन हवीच, त्यात वाद नाही.

वाद आहे तो आपल्या मनातल्या सलाईनशी. आपल्याकडे माणूस किती आजारी होता हे सांगायचे एकच माप, "दोन बाटल्या चढवल्या!" जावयाला साधी हगवण लागली आणि डॉक्टरांनी पुडी देऊन परत पाठवले तर सासूबाईंना ते अपुरे वाटते. डॉक्टरलाही हे माहीत असते. योगायोग असा की त्याच फेब्रुवारी २०२४ मध्ये सायन्स या नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांची पाहणी छापून आली. मुलाला जुलाब होत असताना डॉक्टर जलसंजीवनी का लिहून देत नाहीत? पुड्या संपल्या म्हणून? दुसऱ्या औषधात पैसा जास्त म्हणून? ही कारणे थोडीथोडीच निघाली. सगळ्यात मोठे कारण निघाले हे की, लोकांना ती नकोच असते असे डॉक्टरांना वाटते! ४२ टक्के वाटा या एका समजुतीचा होता. म्हणजे डॉक्टर आपल्याकडे बघून लिहितो आणि आपण डॉक्टरकडे बघून गप्प बसतो. मधल्या मध्ये लेकरू सुकते. जगात आजही दरवर्षी पाच वर्षांखालची साडेचार लाखांच्या आसपास मुले जुलाबाने जातात.

बनगावला सुधारणा झाली ती सलाईन संपल्यामुळे. हाताशी बाटल्यांचा ढीग असता तर कदाचित पिंप आलेच नसते, आणि आईच्या हाती पेला द्यायचे धाडस कोणी केले नसते. ती सुधारणा टिकवायला आणखी एक छावणी, आणखी एक साथ लागावी का? सगळे सुरळीत असतानाही आपण ती टिकवू शकतो की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

डॉ. महालनोबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात गेले, सत्त्याऐंशी वर्षांचे होते. २०२३ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. ज्यांच्या घरात त्यांचे पाणी पोचले त्यांतल्या बहुतेकांना त्यांचे नाव माहीत नाही. आपल्यालाही कुठे माहीत होते? निदान आता माहीत असू द्या.

जाता जाता, माझ्या लेकीसुनांसाठी, भाच्यापुतण्यांसाठी, आणि नव्याने आईबाप झालेल्या सगळ्यांसाठी. घरात जलसंजीवनीची चार पाकिटे नेहमी ठेवा. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना ते पाहा. (गोड सरबतांवर ओआरएस हे नाव घालून विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते बरे झाले.) मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, एकदम. थोडी पूड आज, थोडी उद्या असे नको. केलेले पाणी चोवीस तासांत संपवा, उरले तर फेका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ मोजूनच घाला, जास्त झाले तर अपाय होतो. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. लहान मुलाला चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध तोडू नका, जेवण तोडू नका. सोबत डॉक्टरांना विचारून दहा-चौदा दिवस जस्ताची गोळी. आणि मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, रक्त पडू लागले किंवा काहीच पोटात ठरेना, तर घरी बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि वाटेतही पाजत राहा.

हे वाचून झाले की शेजारच्या एका घरी जाऊन सांगा. आणि चार दिवसांनी परत जाऊन त्यांच्याकडून वदवून घ्या. त्यांना आठवले नाही तर गुण तुमचे कापले जातील!